कुंकवाची गोवरी

छावणी, औरंगाबाद
१९ फेब्रुवारी १९६३

ती. सौ. अक्कास बद्रीनाथचा नमस्कार.

खुशाली मागाहून, आधी बातमी. आम्हाला नवं घर मिळालं आणि घराला परस आहे. घर म्हणशील तर दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि एक मोरी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण परस वीस हात लांब, बारा हात रुंद, आणि कोपऱ्यात आड. आडाला वैशाखातही पाणी असतं असं मालक शपथेवर सांगतात. घरमालकाच्या शपथेचं मोल मला ठाऊक आहे, तरी रोज सकाळी उठून आधी मी आडात डोकावतो आणि पाणी दिसलं की दिवस चांगला जातो.

आठ वर्षं मी गुलमंडीच्या माडीवर डब्यात एक तुळस लावून स्वतःला शेतकऱ्याचा मुलगा म्हणवून घेत होतो. आता बघ. पलटणीच्या तबेल्यातली दोन गाड्या लीद आणून पसरली आहे. आडाजवळ भेंडी आणि गवार, भिंतीला दोडका, कुंपणाला गुलबक्षी आणि पायरीशी मोगऱ्याची चार रोपं, म्हणजे उन्हाळ्यात दार उघडलं की वास घरात. बागकामाची एक पुस्तिका आणली आहे, तिच्यातल्या निम्म्या ओळींखाली माझ्या तांबड्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. आशा म्हणाली, लग्न झाल्यापासून माझ्याकडं कधी इतकं निरखून पाहिलं नाही. मी म्हटलं, तुझ्यावर पुस्तिका निघाली तर तीही वाचीन. दोन दिवस बोलली नाही.

आमचे हेडक्लार्क नानासाहेब यांच्या घरी गुलाब आहेत, त्यामुळं ते दुसऱ्याच्या बागेला बाग म्हणत नाहीत. भर कचेरीत मी त्यांना सांगून बसलो आहे की मे महिन्यात आमच्या परसातली काकडी खायला या, तशी तुम्ही जन्मात खाल्ली नसेल. तेव्हा अक्का, माझी अब्रू आता तुझ्या हातात आहे. मधला सगळ्यात चांगला वाफा मी रिकामा ठेवला आहे. तो आईच्या काकडीचा. आखूड, पोट सुटलेली, पांढऱ्या पट्ट्यांची. लोक काकडीचं टोक कापून घासतात, फेस काढतात, तरी उन्हाळ्यात कडू ती कडूच. आई कधी घासायची नाही, नुसती कापून हातावर ठेवायची. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण ती चव मी विसरलेलो नाही. बी तुझ्याकडं आहे. पाठव.

तुझा
बद्रीनाथ

---

लासूर स्टेशन
५ मार्च १९६३

चि. बद्रीस वच्छलाचा आशीर्वाद.

हे अक्षर माझं हाय. तुझ्या दाजींनी लिहून दिलेलं नाय. दोन महिने झाले, मोठ्या बायांच्या वर्गाला जाते. जोडाक्षर आलं की पेन्सिल अडते, मग मी ते पाटीवर चारदा गिरवते आन् इथं उतरवते. आशीर्वाद तेवढा पाठ केलाय. हसू नको.

तुला परस मिळालं हे ऐकून लई बरं वाटलं. आता नीट वाच. आईनं माझ्या लग्नात ओटीत घातलेलं काकडीचं बी मी सोळा उन्हाळे धरून ठेवलं. दरसाली एक काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिचं बी शेणात थापायचं, गोवरी भिंतीला लावायची आन् वर कुंकवाचं बोट ओढायचं, म्हंजे कुणी ती चुलीत घालत नाय. तू लहानपणापासून बोर्डिंगात, तुला हे काय माहीत असणार. रझाकारांच्या साली घर सोडून पळायची वेळ आली तेव्हा आईनं पितळ मागं टाकलं आन् ती गोवरी लुगड्यात बांधून घेतली होती. तिला आठवण म्हणून नाय, जिती राहावी म्हणून.

यंदा आम्ही विहीर खोल करायला घेतलीय. सुरुंग लागतात, परसाला पाणी नाय. मडक्यातलं बी उंदरांनी खाल्लं. राहिली ती ही एकच गोवरी. आई म्हणायची, बी कधी सगळं घराबाहेर काढू नये, मूठभर मागं ठेवावं. पण तू इतक्या हौसेनं मागितलंस, गोवरी मोडायला माझा हात झाला नाय. सगळी तुला देते. आमचा गडी कडूबा येईल, पोत्यात तुझ्या बंबासाठी गोवऱ्या हायत, कुंकवाची सगळ्यात वर हाय. भिजवून फोड, बी ओळीत लाव, आन् एक काकडी बियाला सोड. आईचं बी आता तुझ्या एकट्याकडं हाय एवढं धेनात ठेव.

वच्छला

---

छावणी, औरंगाबाद
११ मार्च १९६३

ती. सौ. अक्का,

परवा होळी झाली, आणि ती तुझ्यामुळं झाली. कडूबा होळीच्याच सकाळी पोतं घेऊन आला. सोबत चिठ्ठी नव्हती आणि टपालानंही तुझं पत्र अजून आलेलं नाही. बी मागाहून पाठवते आहेस असं धरून चाललो आहे. कडूबा एवढंच म्हणाला, "वरची गोवरी जपा म्हणल्यात बाई. कुंकू लावून दिलीया." मला लगेच उमजलं. भावाच्या नव्या घरातली पहिली होळी, म्हणून बहिणीनं गावाकडून मानाची गोवरी पाठवली. मी ती बंबाकडं जाऊच दिली नाही, देवापुढं ठेवली.

संध्याकाळी चौकात दहा घरांची होळी रचली. मी आंघोळ करून, सोवळं नेसून तुझी गोवरी घेऊन गेलो आणि आपल्या हातानं सगळ्यांच्या वर ठेवली. ती घसरून खाली आली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. लोक हसायला लागले, तेव्हा तिसऱ्यांदा मी ती कडेलाच टेकवली आणि नारळ वाहिला. मग होळी अशी पेटली की पलटणीच्या फाटकावरचा पहारेकरी बघायला आला. शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या, पोळी कुणाच्या का घरची असेना, मान औंदा तुमच्या गोवरीचा. माझी छाती फुगलेली सगळ्यांना दिसली असणार.

धुळवडीच्या सकाळी आशानं रीतीप्रमाणं होळीच्या कडेच्या अर्ध्यामुर्ध्या जळक्या गोवऱ्या घमेल्यात भरून आणल्या आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. उरलेल्यांवर पाणी मारून मोरीमागं राखेत टाकल्या. तुझ्या गोवरीचं पाणी अंगावर पडलं आणि माहेरी आल्यासारखं वाटलं, असं आशा म्हणाली. मधला वाफा भिजवून तयार आहे. बी लवकर पाठव.

तुझा
बद्रीनाथ

---

छावणी, औरंगाबाद
१६ मार्च १९६३

ती. सौ. अक्का,

तुझं ५ तारखेचं पत्र काल मिळालं. लासूरचा शिक्का १३ चा आहे, म्हणजे आठ दिवस ते दाजींच्या बंडीच्या खिशात बसून होतं. तुझं अक्षर फार चांगलं आहे. मी ते पुष्कळ वेळा वाचलं.

भेंडी उगवली. पहिली दोन पानं आली आहेत आणि ती सकाळी आडव्या उन्हात इतकी तुकतुकीत दिसतात की काय सांगू. दोन रोपांत पुस्तिकेप्रमाणं एक वीत अंतर ठेवलं आहे. मी दोरी लावून ओळ आखली, त्यामुळं परेडसारखी उभी आहेत. विरळणी केलेली रोपं द्वारकाबाईंना दिली. भेंडीला पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी यावर आमच्या कचेरीत दोन तट पडले आहेत. मी सकाळच्या तटात आहे. गवारही चांगली आहे, दोडक्याला काठी दिली आहे, मोगऱ्याची चारही रोपं धरली.

मधल्या वाफ्यात काकडी लावली आहे.

दाजींना नमस्कार. विहिरीला पाणी लागो.

तुझा
बद्रीनाथ

---

लासूर स्टेशन
२४ मार्च १९६३

चि. बद्रीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही कागदं मिळाली. भेंडीला आठ ओळी, काकडीला एक. होळीचं तुझं पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवणार होते. आधी मनात वाचलं, मग नाय वाचून दाखवलं. घरी आणून पुन्हा दोनदा वाचलं.

एक सांगते ते कर. बंबाची, चुलीची, होळीच्या घमेल्यातली राख जिथं पडलीय तिथंच राहू दे. उचलून उकिरड्यावर टाकू नको. आशाला म्हणावं भांड्याचं पाणी रोज तिच्यावर टाकत जा. का ते विचारू नको. थोरल्या बहिणीनं सांगितलं म्हणून कर.

विहिरीचं काम रोज हातभर होतं. पाण्याचा पत्ता नाय. तुझे दाजी खडकाशी भांडतात आन् घरी येऊन माझ्याशी. मी पाटी काढून लिहीत बसते, मग गप बसतात.

काकडी उगवली की कळव.

वच्छला

---

छावणी, औरंगाबाद
२६ एप्रिल १९६३

ती. सौ. अक्का,

आज अक्षय्य तृतीया. आंब्याचा रस आणि परसातल्या दोडक्याची भाजी, असं जेवण आज या घरात झालं. एकदा येऊन बघ गं. मी सांगतो म्हणून नाही, गल्ली सांगते.

मोगऱ्याची पहिली कळी गेल्या बुधवारी उमलली. एकच होती. ती बघायला आशा आणि मी पायरीवर बसलो आणि चुलीवर दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. आता रोज ओंजळभर फुलं निघतात. आशाचा गजरा, देवाला चार, द्वारकाबाईंना आठ आणि दोन माझ्या खिशात. नानासाहेबांनी परवा फाईल वाचता वाचता नाक वर केलं आणि वास कुठून येतो म्हणून विचारलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो, पण मनातल्या मनात मुंडासं बांधलं.

भेंडीनं मात्र पिच्छा पुरवला आहे. सकाळी बोटभर म्हणून सोडावी तर दुसऱ्या सकाळी ती जून. द्वारकाबाईंना भेंडी, मालकांना भेंडी, पोस्टमनला भेंडी. परवा मालकांनी मला परडी घेऊन येताना पाहिलं आणि दार लोटून घेतलं. दोडका पत्र्यावर चढला आहे. गुलबक्षी पाच वाजता उमलते, नेमकी कचेरी सुटायच्या वेळेला. घरी वळलो की कुंपण गुलाबी. आडाचे चाळीस पोहरे रोज ओढतो. तळहात आपल्या आबांच्या हातांसारखे झाले आहेत. मी ते कचेरीत टेबलावर पसरून ठेवतो, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. अक्का, मी इतका सुखात कधी नव्हतो.

राखेला हात लावलेला नाही. आशा भांड्याचं पाणी रोज तिथंच टाकते.

काकडीला पिवळी फुलं आली आहेत. वेल बरे आहेत. या वेळी दोन ओळी झाल्या.

तुझा
बद्रीनाथ

---

लासूर स्टेशन
६ मे १९६३

चि. बद्री,

पाणी लागलं. काल दुपारी छत्तिसाव्या हातावर सुरुंग उडाला आन् कपारीतून मनगटाएवढी धार आली. तुझे दाजी कपड्यानिशी विहिरीत उतरले. पन्नाशीचा माणूस, गुडघाभर पाण्यात नाचला. सगळी आळी काठावर उभी. मी पाटी घेऊन तशीच वर्गातून पळत गेले. गोड पाणी हाय बद्री. मी ते तोंडाला लावलं आन् आईची लई आठवण आली.

आता पुढल्या उन्हाळ्याला माझंबी परस फुलंल. पण त्यात लावू काय? बी तर तुझ्याकडं.

तुझ्या काकडीला पांढरे पट्टे आलेत का ते लिही. टोक घासावं लागतं का तेबी लिही. आन् आणखी काही सांगायचं असलं तर सांग. मी तुझ्याहून आठ वरसांनी मोठी हाय. तू लहान असताना गूळ खाऊन बोटं धुवून यायचास, तरी मला कळायचं, कारण बोटं धुवायची सवय तुला एरवी नव्हती.

वच्छला

---

छावणी, औरंगाबाद
२० मे १९६३

अक्का,

काकड्या लांब आहेत. हिरव्यागार, हातभर लांब आणि विषासारख्या कडू.

काल नानासाहेब आले होते. मी त्यांना पायरीवर बसवलं, त्यांच्या देखत काकडी तोडली, टोक कापून चांगली घासली, मीठ लावून बशीत दिली. त्यांनी एक फोड खाल्ली. तीन पेले पाणी प्यायले आणि जाताना दारात म्हणाले, मोगरा चांगला आहे हो. आशा आत जाऊन बसली. मी ती सगळी बशी एकट्यानं खाल्ली.

आता खरं लिहितो. तुझी कुंकवाची गोवरी मी होळीत घातली. मला वाटलं मानाची आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. निम्मा गाल तसाच ठेवून चौकात धावलो. होळीच्या जागेवरची माती घरातल्या पिठाच्या चाळणीनं चाळली. लोक विचारायला लागले काय हरवलं. काय सांगू त्यांना? एक बी सापडलं नाही. आईनं घरदार सोडताना जे लुगड्यात बांधून नेलं, ते मी सोवळं नेसून, नारळ वाहून, सगळ्यांच्या देखत जाळलं, आणि वर छाती फुगवली.

मग छावणीच्या बाजारातून बी आणलं आणि तुला लिहिलं, काकडी लावली आहे. खोटं एकही अक्षर नव्हतं. असली पत्रं मी कचेरीत रोज लिहितो. तुला लिहिलं ते पहिलंच आणि त्याची मला फार लाज वाटते. सोळा उन्हाळे तू सांभाळलंस, मला एक होळी सांभाळता आली नाही. तुझ्या विहिरीला पाणी लागल्याचं वाचलं आणि आनंद व्हायच्या आधी रडू आलं.

बागेवरून मन उडालं आहे. येत्या रविवारी मधला वाफा खणून काढतो. मोरीमागचाही कचरा काढतो. तू सांगितलेल्या राखेच्या ढिगात भांड्याच्या पाण्यावर कसलासा रानवेल माजला आहे, पार भिंतीवर चढला आहे. आशा त्याला हात लावू देत नाही म्हणून राहिला, मी तर कधी तिकडं वळून पाहिलं नाही. आता सगळं एकदमच साफ करतो.

मला माफ कर.

बद्रीनाथ

---

तार
लासूर स्टेशन, २५ मे १९६३

मोरीमागचा वेल उपटू नको. वच्छला.

---

छावणी, औरंगाबाद
२७ मे १९६३

अक्का, अक्का,

कुठून सुरू करू? रविवारी सकाळी कुदळ घेऊन परसात उतरलो. मधला वाफा तासाभरात उलथला. मग मोरीमागं गेलो आणि वेलाच्या मुळाशी हात घातला. दोन वेल होते. एक ओढून काढला, तो सहज आला. दुसऱ्याला धरलं आणि दारात तारवाला ओरडला.

तार म्हटल्यावर काय होतं तुला माहीत आहे. आशा कणकेच्या हातांनी भिंतीला टेकली. द्वारकाबाई डोक्यावर पदर घेऊन रडायच्या तयारीनं आल्या. मी तार फोडली तर तुमच्या स्टेशनमास्तरांनी तुझा निरोप इंग्रजीत केलेला, बाथरूममागची वेल काढू नये. तीनदा वाचलं. तारवाला मला विचारतो, "साहब, सब खैरियत?" मी म्हटलं, थांबा, बघून सांगतो.

मोरीमागं जाऊन मी खाली बसलो आणि पहिल्यांदा त्या वेलाची पानं उचलली. पानांखाली राखेवर तीन काकड्या निजल्या होत्या. आखूड. पोट सुटलेल्या. पांढऱ्या पट्ट्यांच्या.

आशा मागं उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुमच्या पुस्तिकेत नाही म्हणून तुम्हाला नको असेल. मला तो वेल आवडला होता, म्हणून पाणी घालत होते."

तिनं एक काकडी तिथंच विळीवर कापली. सवयीनं टोक हातात घेऊन घासायला गेली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, आई घासत नसे. फोड तोंडात घातली. गार, गोड, अगदी तीच. मे महिन्याच्या उन्हात, मोरीच्या कडेला, तारवाल्याच्या आणि द्वारकाबाईंच्या समोर मी हमसून रडलो. एक फोड तारवाल्याला दिली. द्वारकाबाईंनी दोन घेतल्या आणि म्हणाल्या, येवढ्यासाठी तार करतेत व्हय लोक? पण मग तिसरीही मागितली.

पण तुला तिथनं कसं कळलं? आणि आता काय करू ते लवकर लिही. वेलाजवळ मी खुर्ची टाकून बसलो आहे. आज कचेरीत रजा.

तुझा
बद्री

---

लासूर स्टेशन
१ जून १९६३

चि. बद्रीस लई आशीर्वाद.

तुझं आधीचं पत्र तुझ्या दाजींच्या बंडीत तीन दिवस राहिलं. शनिवारी कपडे धुताना मला सापडलं. निम्मं भिजलं होतं, पण मोरीमागचा रानवेल वाचता आला. तशीच ओल्या हातानं टेसनात गेले. मास्तर म्हणाले कोण वारलं. मी म्हणलं अजून कुणी नाय, लवकर करा.

मला होळीच्या पत्रातच कळलं होतं. तो सारा दिवस मी चूल पेटवली नाय. तुझ्यावर रागावले आन् मग माझ्यावर रागावले, कारण आईचं ऐकून मूठभर मागं ठेवलं असतं तर ही पाळी आली नसती. चूक तुझी आन् माझी सारखीच. पण तूच लिहिलं होतंस, गोवरी दोनदा घसरली, कडेला टेकवली, आन् आशानं कडेच्या जळक्या गोवऱ्या आणून राखेत टाकल्या. आईची गोवरी तळहाताएवढी जाड असते. एक बाजू जळली तरी दुसरीत जीव राहील, एवढ्या आशेवर मी राखेला पाणी घालायला सांगितलं. तुला नाय सांगितलं. उगवलं नसतं तर तू दुसऱ्यांदा मेला असतास. आन् तूच कबूल करावं असंबी मला वाटत होतं. सत्तर दिवस घेतलेस.

आता ऐक. बाजारचे वेल उपटलेस ते बेस केलंस. शेजारी दुसरी काकडी असली की बी बाटतं. म्हणून धरलेल्या हायत त्या खाऊन टाका. आता नवीन जी धरंल तिच्यातली मुळाजवळची एक सोड. तोडू नको, दाबून बघू नको, कुणाला दाखवून मिरवू नको. पिवळी होऊन देठ वाळला की मी येते.

आशाला माझ्याकडून कुंकू लाव. वेल तिनं राखला, तू नाय.

वच्छला

---

छावणी, औरंगाबाद
१४ जुलै १९६३

ती. सौ. अक्कास,

तू गेलीस आणि घर फार मोकळं वाटतं आहे. तीनच दिवस राहिलीस, पण मोगरा छाटलास, दोडक्याची काठी बदललीस, माझ्या पुस्तिकेवर आमटीचं पातेलं ठेवलंस आणि नानासाहेबांना पानावर बसवून शेवटची काकडी खाऊ घातलीस. ते कालपासून कचेरीत मला बद्रीनाथराव म्हणतात. त्यांना बी हवं आहे. मी सांगितलं, अक्काला विचारावं लागेल.

तू आणि आशा शेण थापत होतात तेव्हा मी दारात उभा होतो. पिवळी काकडी तू चिरलीस, बी राखेत घोळवलंस आणि दोन सारख्या गोवऱ्या केल्यास. एक तुझी, एक आमची. आईची मूठ आता दोन घरांत राहील असं तू म्हणालीस, आणि कुंकवाचं बोट माझ्याकडून ओढवून घेतलंस. गाडीत तू गोवरी मांडीवर घेऊन बसलीस, समोरच्या बाईनं पोरगं समजून वाकून पाहिलं, तिचं तोंड मला अजून दिसतं.

आज सकाळी पडवीत दात घासत होतो. आतल्या भिंतीवर आमची गोवरी नीट वाळते आहे. आणि तिच्याखाली कोळशानं, वीतभर उंचीच्या अक्षरांत, तुझं लिहिलेलं दिसलं. तू कधी लिहिलंस आम्हाला कळलंही नाही. हे बी हाय. मानाची गोवरी नाय. होळीत घालू नये. बद्री, हे तुला हाय.

आईला हे लिहिता आलं असतं तर तिनंही अशाच शब्दांत लिहिलं असतं. सगळ्या मजकुरात जोडाक्षर एकच, माझ्या नावातलं, आणि ते तू बिनचूक काढलं आहेस.

दिवाळीला मालक चुना लावणार आहेत. त्यांना आताच सांगून आलो की पडवीच्या त्या भिंतीला हात लावायचा नाही. लावला तर भेंडी दुप्पट. ते म्हणाले, मग दोन्ही भिंती सोडतो.

मग मी चुलीतला एक कोळसा घेतला आणि कचेरीत साहेबांच्या हुकमाखाली आम्ही करतो तशी तुझ्या अक्षरांखाली सही करून टाकली.

पाहिलं.
बद्रीनाथ